एकच पुसायचं, कारण द्यायचं नाही

मी एक खोडरबर. नाक मुरडू नका. तुमच्या कंपासपेटीत असायचा ना, गोड वासाचा, पाठीवर सशाचं चित्र असलेला, तो मी नव्हे. मी चित्रकारांच्या दुकानातला. पांढरा, मऊ, अंगाने साबणाच्या वडीएवढा. म्हणजे होतो. आज मला बघून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण होतो.

आम्हा खोडरबरांना माणसांबद्दल फारसा आदर नसतो, हे आधीच सांगून टाकतो. वाटावा तरी कसा? माणसाने जे काही बरं केलं ते कागदावर राहतं आणि भिंतीवर टांगलं जातं. आमच्या वाट्याला येतात त्याच्या चुका. त्या अंगाला फासून घ्यायच्या आणि भुगा होऊन टेबलाखाली पडायचं. वर झाडूवाली बाई म्हणते, काय घाण करून ठेवतात मेले!

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यात एक लांबलचक पट्टी यंत्रातून बाहेर आली, वरून पातं आलं, आणि एकाचे आम्ही चाळीस झालो. खोक्यात बसून दुकानात आलो. तिथे दीड वर्ष धूळ खाल्ली. मग एक दिवस एका माणसाने डाव्या हाताने मला उचललं, अंगठ्याने दाबून बघितलं आणि दुकानदाराला विचारलं, "हा पुसतो, की नुसता सारवतो?"

"घेऊन तर बघा साहेब."

"लग्नाच्या वेळी मीही बायकोला हेच सांगितलं होतं," तो म्हणाला आणि मला खिशात टाकलं.

हा माझा धनी. वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा. सगळी कामं डाव्या हाताने, म्हणून कचेरीत त्याला डावरा म्हणत. देखणा नाही, नीटनेटका नाही. चहाचा कप थेट चित्रावर ठेवायचा. दुसऱ्यांच्या पेन्सिली पळवायचा आणि विचारलं की कानामागची पेन्सिल दाखवून म्हणायचा, "ही? ही तर माझ्या आजोबांची."

त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकी उघडली की समोर पाण्याची टाकी आणि टाकीवर बसलेले कावळे. खोलीत दोन टेबलं, समोरासमोर. एक डावऱ्याचं. दुसरं मास्तरचं.

मास्तर म्हणजे त्याचा दोस्त आणि जोडीदार. डावरा पहिल्या पानावरचं छोटं चित्र काढायचा, मास्तर आतल्या पानावरचं मोठं. आधी बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवून आलेला, म्हणून मास्तर. पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवणार, चित्राखाली तारीख घालणार, आणि वाचकाला काही म्हणजे काही समजत नाही असं धरून चालणार. जाड्या माणसाच्या पोटावर लिहिणार 'भ्रष्टाचार'. सापावर लिहिणार 'महागाई'. फाटक्या सदऱ्याच्या माणसावर लिहिणार 'जनता'. चित्र की किराणा दुकानातले डबे, तेच कळू नये!

मी रोजच्या कामाचा खोडरबर नव्हतो. रोज वापरायचे ते वेगळे, दोन महिन्यांत संपणारे. मला डावऱ्याने एका खास कामासाठी आणलं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला दोन टेबलांच्या मधोमध ठेवलं.

"मास्तर, आपल्या चित्रात काय खटकतं ते बायको सांगते, संपादक सांगतो, वाचक तर पत्रं लिहून सांगतात. पण पुसायचं कुणी? आपलं आपल्याच्याने पुसवत नाही. तेव्हा आजपासून शाई चढवण्याआधी तू तुझं चित्र मला द्यायचं, मी माझं तुला. समोरच्याने एकच गोष्ट पुसायची. कुठलीही. पण एकच."

"आणि पटलं नाही तर?"

"वाद नाही. पुसलं ते पुसलं. आणि पुसणाऱ्याने कारण द्यायचं नाही. कारण दिलं की माणूस भाषण करतो, आणि तुला तर सवयच आहे."

मास्तर हसला. तेव्हा तो हसायचा.

झालं, नऊ वर्षं हा नेम चालला. दिवे लागायच्या सुमाराला दोन कागद टेबलांवरून इकडचे तिकडे व्हायचे आणि मी एका हातातून दुसऱ्या हातात जायचो. डावरा मास्तरच्या चित्रातलं काय पुसायचा, सांगायला नकोच. 'भ्रष्टाचार' पुसायचा. दुसऱ्या दिवशी 'महागाई'. तिसऱ्या दिवशी 'जनता'. पाटी गेली की चित्र कसं मोकळा श्वास घ्यायचं! मास्तर चडफडायचा, पण नियम म्हणजे नियम. आणि त्या नऊ वर्षांत मास्तरचं जे काही नाव झालं ना, ते त्याने काढलेल्या रेघांनी नाही झालं. डावऱ्याने पुसलेल्या शब्दांनी झालं. हे मी सांगतोय, ज्याच्या अंगाला ते शब्द लागलेत.

मास्तरही काही कमी नव्हता, खोटं का बोला. डावऱ्याच्या चित्रात गडबड फार. माणसांच्या मागे माणसं, त्यांच्या मागे कुत्री, कुत्र्यांच्या शेपटीला डबे. मास्तर मान तिरकी करून मिनिटभर बघायचा आणि बरोबर ते एक कुत्रं पुसायचा ज्याच्यामुळे सगळं अडकलं होतं. डावरा मांडीवर थाप मारायचा, "अरे, हेच! हेच कुत्रं दुपारपासून चावत होतं मला!"

तेवढी एकच माणसांची जोडी मी पाहिली जिच्याबद्दल मला बरं वाटलं. म्हणून तर पुढचं सांगताना तोंड कडू होतं.

गावाबाहेरचं तळं आटत चाललं होतं. कुणीतरी बुजवून तिथे इमारती उठवणार, अशी कुजबुज होती. तो कुणीतरी कोण, हे कचेरीतल्या लिफ्टवाल्यालाही ठाऊक होतं: आमच्याच वर्तमानपत्राचे मालक. पण ताकास तूर कोण लागू देतो? सगळे मूग गिळून बसलेले.

डावऱ्याने चित्र काढलं. कोरडं तळं. होडीत बसलेले तीन अधिकारी चिखलात वल्ही मारतायत. आणि काठावर एक गृहस्थ आरामखुर्चीत बसून लांब नळीने तळ्यातलं उरलंसुरलं पाणी पितोय. गृहस्थाला हनुवट्या दोन. नाव नाही, पाटी नाही. पण त्या दोन हनुवट्या उभ्या गावात एकाच माणसाला होत्या.

संध्याकाळी कागद मास्तरकडे आला. मास्तरने मान तिरकी केली. मिनिट झालं, दोन झाली. त्याचा हात माझ्यावर आला तेव्हा तळवा ओला होता. नऊ वर्षांत तो हात मला कधी ओला लागला नव्हता.

त्याने मला उचललं आणि आरामखुर्चीतला गृहस्थ पुसला. पहिल्यांदा हनुवट्या, मग पोट, मग हात, मग नळी. पुसतच राहिला. मी ओरडलो असतो, पण आम्हाला तोंड कुठलं? मी निमूटपणे मालकाला अंगावर घेतला आणि भुगा झालो.

मग मास्तर म्हणाला, "गर्दी वाटत होती."

डावऱ्याने वर बघितलं. चित्राकडे नाही, मास्तरकडे. नऊ वर्षांत हजारदा पुसलं असेल, कुणी कधी कारण दिलं नव्हतं. त्या दिवशी मास्तरने दिलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

वाद नाही, असा नियम होता. डावऱ्याने वाद घातला नाही. उरलेल्या चित्रावर शाई चढवली आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी लोक हसले. चिखलात वल्ही मारणारे वेडे अधिकारी बघून कोण हसणार नाही? तळं कोण पितंय ते मात्र कुणाला दिसलं नाही. सहा महिन्यांत तळं बुजलं.

आणि मास्तरला मिळालं काय? बढती? नाही. मोठी खोली? छे. मालकांनी एकदा लिफ्टमध्ये त्याच्याकडे बघून मान हलवली. कदाचित त्यांची मान अवघडली असेल. घरी बायकोला म्हणे, "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, उगाच कशाला?" उगाच कशाला! अहो, हे दोन शब्द कोरून ठेवावेत इतकी माणसं या दोन शब्दांवर जगतात.

त्या चित्राच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरने आपला कागद पुढे केला. डावऱ्याने तो घेतला नाही. मला उचललं, मास्तरच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ठेव तुझ्याकडे. तुला जास्त लागेल."

बस्. एवढंच. त्यानंतर दोन वर्षं ते दोघे त्याच खोलीत, समोरासमोर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. मास्तरने मला खणात टाकलं, टाचण्यांच्या डबीशेजारी. त्याच्या चित्रांत पाट्या परत आल्या. 'महागाई' आली, 'जनता' आली, एकदा तर सूर्यावर 'आशा' लिहिलं. खणातून मला दिसत नव्हतं, पण पेन्सिलीचा आवाज मला कळतो. लिहिण्याचा वेगळा, काढण्याचा वेगळा.

खणात पडून पडून मी टणक झालो. आम्ही वापरात असलो की मऊ राहतो. पडून राहिलो की कडक होतो, आणि मग पुसायला गेलं तर कागद काळा करतो. नाती पण अशीच, वगैरे म्हणणार नाही. मास्तर म्हणाला असता.

डावरा एका दुपारी कचेरीच्या जिन्यात दम खायला बसला तो उठलाच नाही. तिसरा मजला, लिफ्ट बंद. त्याच्या कानामागे पेन्सिल होती. ती मास्तरची निघाली.

मला वाईट वाटलं. झालं, बोललो. परत विचारू नका.

आठ दिवसांनी कचेरीच्या सभागृहात शोकसभा झाली. मी मास्तरच्या कोटाच्या खिशात होतो. त्याने मला का घेतलं, त्यालाच ठाऊक. बोटांनी मला चाचपत बसला होता. समोर डावऱ्याचा फोटो. गटाच्या फोटोतून कापून मोठा केलेला, आणि कापणाऱ्याने शेजारच्या कुणाचा तरी कान तसाच ठेवलेला. डावऱ्याने बघितलं असतं तर आठवडाभर हसला असता.

मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते खोटं नाही. ज्या संपादकाने त्याची तीस चित्रं परत पाठवली तो म्हणाला, "त्यांच्या रेषेत निर्भयता होती." ज्या वार्ताहराने सात वर्षं त्याला नमस्कार केला नाही त्याने रुमाल काढला. आणि मालक उठले. दोन्ही हनुवट्या थरथरवत म्हणाले, "ते मला भावासारखे होते." भावासारखे! भावाला तीन मजले चढवणारी लिफ्ट दुरुस्त करून दिली असती तर निदान भाऊ सभेला तरी आला असता.

मग मास्तर. कागद हातात. बरीच विशेषणं झाली आणि शेवटी म्हणाला, "इतक्या वर्षांत आमच्यात कधी एका शब्दाचाही वाद झाला नाही."

टाळ्या! शोकसभेत टाळ्या! आणि वाक्य तर अगदी खरं. वाद नव्हताच झाला. एक शब्दही नव्हता झाला. खोटं बोलायला खरं वाक्य शोधून काढणं, याला बारा वर्षांची मास्तरकी लागते.

पहिल्या रांगेत डावऱ्याची बायको बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. बाहेर पडताना मास्तरजवळ थांबली. "छान बोललात, भावजी. वाद नाहीच झाला. हे मला घरी सांगत होते."

खिशातली बोटं माझ्याभोवती आवळली.

दुसऱ्या दिवशी संपादकाने मास्तरला सांगितलं, रविवारी अर्धं पान डावऱ्याला वाहायचं. चित्र तुमचं. मित्राने मित्राला काढलेलं. मास्तर तीन दिवस बसला. काढायचा, फाडायचा. मी आता खणाबाहेर, टेबलावर होतो, सगळं बघत होतो. पहिल्या चित्रात डावऱ्याला पंख होते. पंख! जो माणूस जिना चढू शकला नाही त्याला पंख! दुसऱ्यात पेन रडत होतं. तिसऱ्यात मात्र जरा जमलं. दोन टेबलं, खिडकी, टाकीवरचे कावळे. डावरा उभा, कानामागे पेन्सिल, तोंड वाकडं करून हसतोय. अगदी तोच. शेजारी मास्तर स्वतः, आणि डावऱ्याचा डावा हात मास्तरच्या खांद्यावर. आणि वर टांगलेल्या दिव्यावर अक्षरं: 'मैत्री'.

लागलेली सवय का जाते?

शाई चढवायला त्याने दौत उघडली. परत बंद केली. बराच वेळ समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसला. मग कागद गुंडाळला, मला खिशात टाकलं आणि भर दुपारी डावऱ्याच्या घरी गेला.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. डावऱ्याचे सदरे एका बाजूला, द्यायचे म्हणून. मास्तरने चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलं. चारी कोपऱ्यांवर काही ना काही ठेवलं. मग मला काढून चित्रावर ठेवलं.

"वहिनी, शाई चढवायची राहिलीय."

त्या चित्राकडे बघत राहिल्या. नवऱ्याच्या वाकड्या तोंडाकडे बघून किंचित हसल्या. "अगदी असेच हसायचे. दूध उतू गेलं की."

"एकच पुसायचं, वहिनी," मास्तर म्हणाला. "तो असता तर त्याने पुसलं असतं. आता तुम्ही."

"मला चित्रातलं काय कळतंय?"

"तुम्हाला कळतं."

त्यांनी मला उचललं. हात सुकलेला, खरखरीत. मला घेऊन त्या दिव्यापाशी गेल्या. 'मैत्री'. मास्तरने श्वास सोडला. मलाही वाटलं, चला, हीच पाटी. डावऱ्याने डोळे मिटून हीच पुसली असती. मास्तरही हेच म्हणत आला होता, मनातल्या मनात. एक शब्द पुसला जाईल, दोघं जरा रडतील, वहिनी चहा ठेवतील, आणि सगळं कसं फिटून जाईल. स्वस्तात.

वहिनींचा हात खाली आला. डावऱ्यावरून गेला, त्याच्या दंडावरून, पंजावरून, आणि थांबला. मग त्यांनी मास्तर पुसायला घेतला.

आधी चष्मा. मग चेहरा. मग नीट बसवलेली कॉलर, खांदा, हात. सदरा घासावा तशा एका लयीत पुसत होत्या. मास्तर उभा होता. एकदा त्याचा हात पुढे आला आणि मागे गेला.

"का, वहिनी?"

त्यांनी मान वर केली नाही. "कारण द्यायचं नसतं ना, भावजी?"

मग त्यांनी भुगा हाताने गोळा केला, मला मास्तरच्या तळव्यावर ठेवलं आणि पुन्हा सदऱ्यांच्या घड्या घालायला बसल्या. चहा ठेवला नाही.

आता माझं ऐका. मी दोन वर्षं खणात पडून टणक झालो होतो, सांगितलंय मी. माझ्याने पूर्ण पुसलं गेलंच नाही. जिथे मास्तर होता तिथे एक राखाडी, धुरकट, माणसाच्या उंचीचा डाग राहिला. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसता डाग. आणि डावऱ्याचा हात हवेत, त्या डागाच्या खांद्यावर. दुकानात डावऱ्याने विचारलं होतं ना, पुसतो की सारवतो? घ्या उत्तर.

कचेरीत येऊन मास्तरने दार लावलं. पांढऱ्या रंगाची बाटली समोर होती. दोन हात मारले असते तर डाग झाकला गेला असता. त्याने बाटली उघडली नाही. आपल्या रोजच्या खोडरबराने दिव्यावरची 'मैत्री' मात्र स्वतः पुसली. जन्मात पहिल्यांदा, कुणी न सांगता. मग उरलेल्यावर शाई चढवली. हवेतला हातही तसाच ठेवला, पाच बोटांसकट.

संपादक म्हणाला, "इथे मोकळं मोकळं वाटतंय. एखादं फूल टाका. मेणबत्ती टाका."

"नाही," मास्तर म्हणाला.

"मालकांना..."

"नाही म्हटलं ना."

बघा, किती सोपा शब्द आहे! दोन वर्षांपूर्वी सुचला असता तर एक तळं आणि एक माणूस, दोन्ही... असो. तळ्याचं सोडा, पण माणूस निदान बोलत बोलत गेला असता.

मग खालून छपाईवाल्याचा फोन आला. "मास्तर, तुमच्या चित्रात हाताखाली काहीतरी राखाडी येतंय. साफ करून टाकू?"

"राहू दे."

"अहो, वाचक म्हणतील डाग पडलाय."

"बरोबर म्हणतील," मास्तर म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी छापून आलं. पत्रं आली पोत्याने. छपाई फार वाईट झाली म्हणून निम्मी. उरलेल्या निम्म्यांत एकच प्रश्न, हा हात कुणाच्या खांद्यावर आहे? मास्तरने एकालाही उत्तर दिलं नाही. वहिनींचं पत्र आलं नाही. येणारही नाही.

त्या चित्राला लोक मास्तरचं सगळ्यात चांगलं चित्र म्हणतात. म्हणोत बापडे. मास्तरने चाळीस वर्षं हात घासले, पण त्याचं हुबेहूब चित्र एकच झालं, आणि ते मी काढलंय. भुगा होऊन, कडक होऊन, खणात पडून का असेना, मी काढलंय.

आता मी अंगठ्याच्या नखाएवढा उरलोय. मास्तरच्या टेबलावर असतो. दिवे लागायच्या सुमाराला तो आपलं चित्र समोरच्या रिकाम्या टेबलावर ठेवतो, मला त्यावर ठेवतो आणि दहा मिनिटं वाट बघतो. येडा कुठला! कोण पुसणार आहे? मी तिथे पडून त्याच्या चित्राकडे बघतो. पाट्या नसतात हल्ली, एवढं खरं. मला त्याची कीव येत नाही. कीव करायला मी काही शोकसभेतला वक्ता नाही.

जाता जाता एकच मागतो. तुमच्याही घरी, खणात, टाचण्यांच्या डबीशेजारी माझा कुणी भाऊबंद पडला असेल. त्याला बाहेर काढा, चुका पुसायला खुशाल वापरा, त्यासाठीच आमचा जन्म. पण भीतीपोटी खरं पुसायला त्याला हात लावू नका. तेवढं काम आमच्या अंगाला कायमचं लागून राहतं. आणि कधी लावलाच, तर निदान समोरच्याला कारण तरी देऊ नका.